मुलाखतीचा शर्ट पिशवीत

(तरुणांच्या उन्हाळी मार्गदर्शन वर्गाच्या समारोपाला मंडळीपुढे केलेले भाषण)



समारोपाच्या भाषणाचा विषय काय, असे मला विचारले गेले, तेव्हा मी "मुलाखतीचे कपडे" असे सांगितले. काहींना ते हलके वाटले असेल. गेले चार दिवस या मुलांनी अर्ज कसा भरावा, प्रश्नांना उत्तर कसे द्यावे, प्रमाणपत्रे कशी लावावीत हे शिकून घेतले. त्यापुढे कपड्यांचे काय एवढे? पण आदिवासी भागातल्या मुलांबरोबर काम करताना मी हे पाहिले आहे की, तयारी पूर्ण असलेले मूल मुलाखतीच्या दारापाशी पोहोचेपर्यंत अर्धे खचलेले असते. त्याला खचवणारा प्रश्न आतल्या साहेबांनी अजून विचारलेलाही नसतो. खचवते ते ऊन, धूळ आणि अंगाला चिकटलेला शर्ट.

आपल्याकडे मुलाखती नेमक्या उन्हाळ्यात येतात. आश्रमशाळांना जूनच्या आधी शिक्षक हवे असतात. नर्सिंगच्या आणि आयटीआयच्या मुलांची धावपळ याच दिवसांत चालते. कंत्राटी जागांच्या थेट मुलाखतींची जाहिरात येते आणि "सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे" एवढेच त्यात असते. त्या अकरा वाजतासाठी धडगावची, मोलगीची मुले पहाटे घर सोडतात. आधी पाड्यापासून रस्त्यापर्यंत चालत, मग काळीपिवळी, मग एसटी. खिडकी उघडी ठेवली तर धूळ, बंद केली तर भट्टी. मे महिन्यात नंदुरबारला पारा ४२-४३ अंशांवर जाणे आपल्याला नवीन नाही. मुलगा कार्यालयात पोहोचतो, पत्र्याच्या शेडमध्ये दोन तास थांबतो आणि मग त्याचे नाव पुकारले जाते. त्याच जागेसाठी शहरातला उमेदवार घरून आंघोळ करून दहा मिनिटांत आलेला असतो. दोघांच्या गुणपत्रिका सारख्या असल्या, तरी दारातून आत येताना दोघे सारखे दिसत नाहीत.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. उन्हाळ्यात नीटनेटके दिसणे हे कपड्याच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. ते योग्य कापड, थोडे पाणी, थोडी सावली आणि कपडे बदलायला एक जागा यांवर अवलंबून असते. कापडाचे आपली मुले पाहतील. पाणी, सावली आणि जागा मात्र आपण देऊ शकतो.

आधी मुलांशी बोलते.

बाळांनो, घाम येणे हा दोष नाही. हवा आपल्या कातडीपेक्षा गरम झाली की शरीराला थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम येऊन तो वाळणे. देवाने शरीराला दिलेली ही सोय आहे. कपड्याने त्या कामात आडवे येऊ नये, एवढेच आपल्याला पाहायचे आहे. सुती कापड ओलावा आपल्यात घेते. साधारण हवेत शंभर ग्रॅम सुती कापडात आठेक ग्रॅम ओलावा सहज सामावतो. तेवढ्याच पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही मावत नाही. त्यामुळे साध्या पॉलिएस्टरच्या शर्टात घाम अंगावरच राहतो, शर्ट पाठीला चिकटतो आणि वासही लवकर येतो. आपण कापूस पिकवणारी माणसे आहोत. कापूस आपल्या शेतातून जातो आणि सुरतेहून स्वस्त पॉलिएस्टर आपल्या बाजारात येते. ते चमकते, चुरगळत नाही, म्हणून "मुलाखतीसाठी भारी" वाटते. उन्हाळ्यापुरते तरी तसे समजू नका. पॉपलीनचा किंवा पातळ खादीचा साधा शर्ट घ्या. तो थोडा सैल असू द्या, म्हणजे आत हवा खेळते.

रंगाचेही सांगते. करडा आणि साधा आकाशी रंग घामाचा डाग सर्वांत जास्त दाखवतो. पांढरा, मोतिया किंवा बारीक रेघांचा शर्ट डाग झाकतो. पांढरा शर्ट पातळ असेल तर आतून दिसतो, म्हणून खाली सुती बनियन हवे. उकाड्यात दोन कपडे कशाला, असे मुले विचारतात. पण पहिला घाम बनियन पिते आणि शर्ट कोरडा राहतो. पँट गडद रंगाची चालेल, पण जीन्स नको. जाड जीन्स गरम होते आणि भिजली तर लवकर वाळत नाही. पँटला टेरिकॉट चालते, कारण इस्त्रीची घडी टिकते. फक्त ती अंगाला घट्ट नको.

मुलींनी सुती पंजाबी ड्रेस घालावा आणि ओढणीला दोन पिना लावाव्यात. सतत सरकणारी ओढणी सावरण्यात लक्ष जाते आणि प्रश्न ऐकू येत नाही. साडीची सवय असेल तरच साडी, आणि तीही सुती. कडक खळ घातलेली नको, कारण खळीने कापडाची छिद्रे बुजतात. ड्रेसचे अस्तर तपासा. वरून सुती आणि आतून नायलॉनचे अस्तर, असे पुष्कळ तयार कपड्यांत असते. डोक्याला तेल लावायचेच तर आदल्या दिवशी लावून सकाळी केस धुवा. उन्हात तेल कपाळावर उतरते. पावडर मानेला थापू नका, घामाने तिचे पांढरे पट्टे होतात. आंघोळीनंतर काखेत ओली तुरटी फिरवली की वास कमी येतो. ही आपल्या आजीची युक्ती आहे आणि ती स्वस्तही आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मुलाखतीचा शर्ट घालून प्रवास करू नका. इस्त्री केलेला शर्ट वर्तमानपत्रात सपाट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फाइलला चिकटून बॅगेत उभा लावा. घरी वीज नसेल तर आदल्या रात्री ओलसर शर्टाची घडी गादीखाली ठेवा, किंवा तांब्यात निखारे घालून इस्त्री करा. प्रवासात जुना सुती शर्ट, डोक्याला पंचा आणि पायात चप्पल. बूट पिशवीत असू द्या. बूट नवीन असतील तर आठवडाभर आधी घरात घालून फिरा, नाहीतर मुलाखतीला लंगडत जावे लागेल. दोन सुती रुमाल घ्या, एक वापरायला आणि एक कोरडा. घाम रुमालाने टिपायचा असतो, चोळायचा नाही. चोळला की तोंड लाल दिसते.

वेळेच्या तासभर आधी पोहोचा. पोहोचल्याबरोबर कपडे बदलू नका. आधी सावलीत वीस मिनिटे बसा. अंगातला घाम थांबू द्या. मग तोंड, मान आणि कोपरापर्यंत हात गार पाण्याने धुवा, पुसा, आणि तेव्हाच कोरडा शर्ट घाला. ओल्या अंगावर घातलेला शर्ट पाच मिनिटांत जुना दिसतो.

पालघर, डहाणू, तलासरीकडची मुले इथे बसली आहेत. त्यांना बोईसर-तारापूरच्या कंपन्यांत जायचे असते. त्यांच्याकडे पारा आपल्याइतका चढत नाही, पण समुद्राची दमट हवा असते आणि घाम वाळतच नाही. आपल्याकडे सावलीत बसले की अंग कोरडे होते, त्यांच्याकडे बसूनही ओलेच राहते. त्यांनी कापड आणखी पातळ घ्यावे आणि शर्ट अगदी नाव पुकारण्याच्या थोडे आधी बदलावा. जमले तर दोन बनियने न्यावीत.

उपाशी जाऊ नका. सकाळी भाकरी, वरण, ताक असे हलके पण पोटभर खा. बाटलीभर पाणी आणि ओआरएसची एक पुडी जवळ ठेवा. वाटेत पाणी थोडे थोडे पीत राहा. मुली प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह मिळत नाही. हे मला माहीत आहे, त्याबद्दल मी पुढे बोलणार आहे. चक्कर आली, उलटी झाली, डोके ठणकू लागले तर मुलाखत बाजूला ठेवा आणि सावलीत आडवे व्हा. सोबतच्या माणसाचे अंग तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. नोकरी दुसरी मिळते.

कोट आणि टाय हवा का, असे प्रत्येक वर्गात विचारले जाते. मुलाखतपत्रात लिहिले असेल तर हवा, नाहीतर नको. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. त्यांत पुरुषांसाठी शर्ट-पँट, स्त्रियांसाठी साडी, सलवार-कुर्ता किंवा शर्ट-पँट सांगितली, टी-शर्ट आणि स्लिपर नको म्हटले आणि शुक्रवारी खादी वापरायला सांगितले. मंत्रालयातल्या माणसाला सुती शर्ट पुरतो, तर मे महिन्यात नंदुरबारच्या उमेदवारालाही तो पुरावा.

दोन वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यातला एक इलेक्ट्रिशियन मुलगा थेट मुलाखतीला गेला. त्याला कोणीतरी प्रेमाने आपला जुना कोट दिला होता, आतून अस्तर असलेला, जाड. तो कोट त्याने पहाटेपासून अंगावर ठेवला, कारण हातात धरला तर चुरगळेल अशी त्याला भीती होती. आत गेल्यावर पहिला प्रश्न आला, "बरं नाही का तुला?" वायरिंगचे सगळे प्रश्न त्याला येत होते. त्याने मला नंतर सांगितले, "ताई, उत्तर आठवत होतं, पण डोळ्यांत घाम जात होता आणि कोट काढू का, असं विचारायची हिंमत होत नव्हती." ती नोकरी त्याला मिळाली नाही. फक्त कोटामुळे गेली असे मी म्हणणार नाही. पण कोटाने त्याला मदत केली नाही, एवढे नक्की.

मला दाविदाची आठवण झाली. शौल राजाने चांगल्या मनाने आपले चिलखत आणि शिरस्त्राण त्याला चढवले होते. दाविदाने चालून पाहिले, सवय नाही हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ते उतरवून ठेवले. मग आपली काठी आणि गोफण घेऊन तो निघाला. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण ते ओझे त्या मुलाच्या अंगाचे नव्हते.

दुसरी गोष्ट एका मुलीची. नर्सिंगचा कोर्स पूर्ण केलेली, हुशार. तिच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. कोणीतरी तिला सांगितले होते की, मुलाखतीला गोंदण दिसता कामा नये. म्हणून ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत घट्ट बाह्यांचा जाड ड्रेस तिने शिवून घेतला होता. तो घेऊन ती मला दाखवायला आली. मी तिला विचारले, "रुग्णाची नाडी पाहताना बाह्या वर करशील ना? मग तेव्हा काय दिसेल?" ती हसली. मग आम्ही त्याच शिंप्याकडून कोपरापर्यंतच्या बाह्यांचा सुती ड्रेस शिवून घेतला. ती आज एका रुग्णालयात काम करते आणि पाड्यावरून येणाऱ्या बायका तिचे हात पाहून तिच्याशी आपल्या बोलीत बोलू लागतात. मुलींनो, मुलांनो, नीटनेटके दिसा, पण आपण कुठून आलो हे लपवण्यासाठी कपडे घालू नका. उकाड्यात लपवण्याचा त्रास दुप्पट होतो.

आता मंडळीतल्या मोठ्या माणसांना माझी विनंती.

पहिली विनंती आपल्यापैकी जे शाळेत, दवाखान्यात, कार्यालयात मुलाखती घ्यायला बसतात त्यांना. आपल्या देशात वकिलांनासुद्धा उन्हाळ्यात काळ्या कोटाची सूट आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडली तर जिल्हा व तालुका न्यायालयांत तो घालण्याची सक्ती नसते. जपान तर शिष्टाचाराला फार जपणारा देश. तिथल्या सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात कार्यालयातला एसी २८ अंशांवर ठेवायला सांगितले आणि लोकांना कोट-टाय घरी ठेवण्याची मोकळीक दिली. तिथे कामाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. आपण मुलाखतपत्रात एक ओळ घालू शकतो की, "उन्हाळ्यामुळे साधा, स्वच्छ सुती पोशाख चालेल." एवढ्या एका ओळीने कितीतरी घरांतला उसनवारीचा खर्च वाचेल. सगळ्यांना अकराला बोलावण्याऐवजी दूरच्या उमेदवारांना वेगळी वेळ देता येते. बाहेर पाण्याचा माठ आणि बसायला सावली ठेवता येते. आणि समोर घामाघूम मुलगा आला तर तो घाबरला आहे असा निष्कर्ष काढण्याआधी त्याला पाणी द्यावे, दोन मिनिटे पंख्याखाली बसू द्यावे आणि मग पहिला प्रश्न विचारावा. याकोबाने आपल्या पत्रात मंडळीला याच बाबतीत सावध केले आहे. चांगल्या वस्त्रांतल्या माणसाला मानाची जागा आणि मळक्या वस्त्रांतल्या गरिबाला बाजूला, असे वागू नका असे तो सांगतो. मुलाखतीच्या टेबलावर बसताना तो अध्याय आपल्यालाही लागू आहे.

दुसरी विनंती कपडे देणाऱ्यांना. आपण दरवर्षी मनापासून कपडे देता आणि त्यांतले बरेचसे उपयोगी पडतात. मुलाखतीसाठी द्यायचे असतील तर जाड कोट, सूट आणि चमकदार साड्या यांऐवजी सुती शर्टाचे कापड द्या. कापड असले की ते त्या मुलाच्या मापाने शिवता येते. एका बऱ्या कोटाच्या किमतीत दोन-तीन शर्ट सहज होतात. सुती बनियने, मोजे, काळे साधे बूट, रुमाल, कंबरपट्टे यांची आम्हाला नेहमी गरज असते. जुना शर्ट देणार असाल तर कॉलर आणि बटणे पाहून द्या. जो शर्ट आपल्या मुलाला मुलाखतीला घालायला दिला असता, तोच द्या.

तिसरी विनंती सर्वांत मोठी आहे आणि तिला पैसे सर्वांत कमी लागतात. मघाशी मी मुलांना सांगितले की पोहोचल्यावर सावलीत बसा, हातपाय धुवा, शर्ट बदला. पण कुठे? मुलगे एसटी स्टँडच्या मागे कसेतरी बदलतात. मुलींनी काय करावे? स्टँडवरच्या स्वच्छतागृहात खाली पाणी साचलेले असते, कडी नसते, बॅग ठेवायला जागा नसते. म्हणून मुली चुरगळलेला, घामट ड्रेस तसाच ठेवून आत जातात, आणि स्वच्छतागृहाची वेळ येऊ नये म्हणून पहाटेपासून पाणी पीत नाहीत. ४३ अंशांत पाणी न पिता राहणे धोक्याचे आहे. जी मुलगी उद्या दुसऱ्यांची शुश्रूषा करणार आहे, ती स्वतःच तहानलेली रांगेत उभी असते.

आपल्या सभागृहाला लागून एक खोली आहे. रविवार सोडला तर ती बहुतेक बंद असते. एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत, सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते अकरा ती खोली उघडी ठेवावी, अशी माझी मंडळीला विनंती आहे. आतून लागणारी कडी, एक आरसा, एक पंखा, एक विजेची इस्त्री, दोन बादल्या पाणी, साबण, पिण्याच्या पाण्याचा माठ, सुईदोरा, सेफ्टी पिना, बटणे आणि बुटाचे पॉलिश. एवढेच सामान. महिला मंडळाच्या भगिनींनी आणि तरुण संघाने आळीपाळीने एकेक सकाळ घेतली, तर महिन्यातून एखादाच दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येईल. जो येईल त्याला कोणत्या गावचा, कोणत्या मंडळीचा, ख्रिस्ती की नाही, असे विचारायचे नाही. पाणी द्यायचे, किल्ली द्यायची, आणि निघताना कॉलर नीट आहे का एवढे पाहायचे. घरून निघताना ते पाहायला आई असते. इथे ती चार तासांच्या वाटेवर मागे राहिलेली असते.

ज्यांची घरे स्टँडपासून जवळ आहेत त्यांनी आपली ओसरी देऊ केली तरी चालेल. तळोदा, शहादा, नवापूर इथल्या मंडळ्यांनाही मी हेच पत्र लिहिणार आहे. वर्षाच्या शेवटी किती मुलांना नोकरी लागली हे मला आज सांगता येणार नाही. पण आपल्या गावात मुलाखतीला आलेले एकही मूल केवळ सावली आणि पाण्यावाचून मागे पडले नाही, असे आपण म्हणू शकलो तर या वर्गाचे सार्थक झाले.

मुलांनो, उद्यापासून तुम्ही आपापल्या वाटेने जाल. फाइल तपासा, शर्ट घडी करून पिशवीत ठेवा, बाटली भरून घ्या. आणि मंडळीला माझी नम्र विनंती, आज घरी जाण्यापूर्वी सेक्रेटरीसाहेबांजवळच्या वहीत आपले नाव आणि आपल्याला जमणारी सकाळ लिहून जा. पहिली मुलाखत येत्या गुरुवारी आहे आणि तिच्यासाठी सात मुले येणार आहेत.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.